किताय पान

दलालाची गाडी अंगणात शिरली तेव्हा मुलीला दिलेला शब्द मी मनात पुन्हा एकदा घोकला. आज आवाज चढवायचा नाही. ती तलासरीच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. त्या दिवशी रजा काढून वरोरला घरी थांबली होती, कारण येणारं गिऱ्हाईक परदेशातलं होतं आणि माझं इंग्रजी 'यस' आणि 'नो'च्या पुढे जात नाही. "पप्पा, तुम्ही काम दाखवा, बोलायचं मी बघते," असं ती सकाळपासून बजावत होती. "आणि राग आलाच तर आत जाऊन पाणी प्या."

मला राग लवकर येतो हे खरं आहे. पण फुकट येत नाही.

आम्ही डाय करतो. डहाणूजवळच्या चिंचणी-वरोरच्या पट्ट्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, बाहेरच्याला लागतं. स्टीलच्या ठोकळ्यावर छिन्नीने नक्षी खोल कोरायची. त्या नक्षीवर सोन्याचा किंवा चांदीचा पातळ पत्रा ठेवायचा, वर शिशाचा तुकडा, आणि दाब द्यायचा. पत्रा नक्षीत बसतो आणि पान, फूल, मोर जे काही असेल ते वर उठून येतं. मंगळसूत्राच्या वाट्या, कानातले, गळ्यातले हार, सगळ्यांचा जन्म असा ठोकळ्यातून होतो. मग दागिना कुणाच्या तरी गळ्यात जातो आणि डाय सोनाराच्या फडताळात. दागिन्यावर सोनाराचा शिक्का असतो, पेटीवर दुकानाचं नाव, डायच्या खोक्यावर दलालाचं. ज्याने डोळे फोडून कोरलं त्याचं नाव कुठेच नसतं. नाव कोरायची पद्धतच नाही.

ही पद्धत कुणी घातली, असं मी तरुणपणी एकदा बाजारात विचारलं होतं. सगळे हसले. "जंगलपट्टीचा पोरगा नाव विचारतोय," असं एक जण म्हणाला. मी किनाऱ्यापासून आत, तलासरीकडच्या झरीचा. आमच्या पाड्यावर डाय हा शब्दसुद्धा कुणाला ठाऊक नव्हता. काम शोधत समुद्राच्या बाजूला आलो, एका कारागिराच्या खिडकीबाहेर उभा राहून बघत बघत शिकलो, मग त्याच्या बाकावर बसलो, मग माझं स्वतःचं बाक टाकलं, मग हा कारखाना. तोच कारागीर आता माझ्याकडे काम करतो. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. इतकी वर्षं वरोरात राहून, इथलीच बायको करूनही बंदरपट्टीची, म्हणजे किनाऱ्यावरची, माणसं माझ्या पाठीमागे अजून 'जंगलपट्टीवाला' म्हणतात. तोंडावर 'शेठ' म्हणतात. दोन्हीतलं एकही माझं नाव नाही.

गाडीतून दलाल आधी उतरला. तो मूळचा उंबरगावच्या बाजूचा, मुंबईत दुकान, बोलणं अर्धं मराठी अर्धं गुजराती. आमचा जवळजवळ सगळा माल त्याच्या हातून जायचा. त्याने हात आखडता घेतला तर माझी निम्मी बाकं रिकामी पडतील, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. त्याच्यामागून एक पन्नाशीची बाई उतरली. रुंद चेहरा, बारीक डोळे, कानांत जड चांदी. तिने उंबऱ्याबाहेर बूट काढून नीट जुळवून ठेवले, हे मला आवडलं. ती किरगिझस्तानातली, बिश्केक शहरातली. तिचं स्वतःचं चांदीचं दुकान होतं, आणि तिथल्या बाजारातल्या इतर सोनारांना ती डायही विकायची.

"शेठ, साधं काम छे," दलाल खुर्ची ओढत म्हणाला. "बाईंकडे एक चायनाचा पीस आहे. त्याचा पूर्ण सेट पाहिजे, लहान-मोठा. तिकडनं माल येणं बंद झालंय. तुम्ही नक्कल मारून द्या. बाईंना कारागिराचा हात स्वतः बघायचाय, म्हणून घेऊन आलो."

"नक्कल?"

"अरे, शब्दाला कशाला धरता? तसंच काम, एवढंच."

बाईने पिशवीतून एक फडकं काढलं, त्यातून ठोकळा काढला आणि माझ्या बाकावर ठेवला. वापरून वापरून कडा गोलसर झाल्या होत्या. ती मुलीशी इंग्रजीत काहीतरी बोलली. त्यात एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता, "किताय, किताय."

"काय म्हणतात?" मी विचारलं.

मुलगी म्हणाली, "किताय म्हणजे चीन. त्या म्हणतात, हे चीनचं पान आहे, त्यांच्या बाजारात सगळ्यात जास्त चालतं. इतकी सफाई तुम्हाला जमेल का?"

मी भिंग डोळ्याला लावलं.

एक पान होतं. मधली शीर देठाशी किंचित डावीकडे वळलेली. बाजूच्या शिरा कडेकडे जात होत्या, पण कडेला पोचत नव्हत्या. केसभर आधीच थांबत होत्या. शीर कडेला भिडवली तर दाब देताना पातळ पत्रा नेमका तिथेच फाटतो. हे मी पत्रे फाडून फाडून शिकलोय. बाकीचे लोक शीर कडेपर्यंत नेतात आणि पत्रा जाड वापरा म्हणून सोनाराला सांगतात. मी नेत नाही.

माझे कान तापले. मी भिंग काढलं नाही, कारण काढलं असतं तर समोर दलालाचा चेहरा दिसला असता.

"काका," मी म्हटलं, "इकडे या जरा. हे कुणाचं काम?"

काका आपल्या बाकावरून कुरकुरत उठले. त्यांनी ठोकळा उजेडाकडे तिरका धरला आणि भिंगही लावलं नाही. "तुझंच की. दुसऱ्या कुणाचं असणार? तुझं पान कधी कडेला पोचतं का? मी शिकवलं तेव्हापासून अर्धवट."

"अर्धवट नाही. मुद्दाम."

"तेच ते."

मी उठलो. मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच आतल्या माठाकडे खूण केली. मी आत गेलो. पाणी प्यालो. पेला पालथा घातला. त्या पाण्याने काही फरक पडला नाही. बाहेर आलो तो आवाज आधीच चढलेला होता.

"माझा माल चायना म्हणून विकलास?"

दलालाचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. धंदा करणारा माणूस तो. "शांती राखो ने, शेठ. बाई बसलीय."

"बसू दे. तिलाही कळू दे."

"काय कळू दे? तुझाच माल मुंबईतून तिकडे खपवला ना? मी तिला वरोर सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, हे कुठे आलं. डहाणू सांगितलं असतं तर चिकू मागितले असते. चायना म्हटलं, लगेच उचललं. तुला ऑर्डर मिळाली की नाही? मग झालं तर. नाव काय खायला घालतोस?"

"तुला खायला घालतंय ते. मला नाही."

बाई एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. शेवटी तिने मुलीच्या दंडावर हात ठेवला आणि एकच प्रश्न विचारला. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सगळं सांग. एक शब्द गाळू नकोस."

तिने सांगितलं. दलाल मध्येमध्ये इंग्रजीत काहीतरी सारवासारव करत होता. बाई त्याच्याकडे बघतही नव्हती. माझ्याकडेच बघत होती. मग तिने बाकावरचा एक रिकामा ठोकळा उचलून माझ्यासमोर ठेवला आणि बोटाने टकटक केलं. कोर.

मी छिन्नी घेतली. रागात हात थरथरतो असं लोकांना वाटतं. माझा रागात जास्त स्थिर होतो. कारखान्यात फक्त हातोडीचा बारीक आवाज. मी देठापाशी सुरुवात केली, मधली शीर वळवली, एका बाजूच्या शिरा काढल्या आणि केसभर आधी थांबलो. ठोकळा तिच्या हातात दिला. तिने दोन्ही पानं शेजारी धरली आणि शिरांवरून कडेपर्यंत नख फिरवून पाहिलं.

मग ती दलालाकडे वळून तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. भाषा मला कळली नाही, पण सूर ओळखीचा होता. तो सूर मी स्वतः वापरतो. दलाल पाय आपटत ओटीवर जाऊन उभा राहिला.

त्यानंतर ती जे म्हणाली त्याने मी पुन्हा भडकलो. मुलगी सांगत होती, "पप्पा, त्या म्हणतात, ऑर्डर थेट तुम्हालाच देतील, मध्ये कुणी नको. पण त्यांच्या बाजारात या पानाला आता 'किताय पान' म्हणतात. लग्नाची खरेदी करायला आलेल्या आया तेच नाव घेऊन मागतात. ते बदलता येणार नाही. तुमची डायही त्या किताय म्हणूनच विकणार."

"मग तिला सांग, डाय चीनमधूनच मागव."

"पप्पा!"

"सांग."

मुलीने तेच सांगितलं नसावं, कारण बाई हसली. "उस्ताद गरम," असं ती चक्क हिंदीत म्हणाली. दुकानात भारतातलं गिऱ्हाईक येतं, त्यांच्याकडून थोडं हिंदी उचललं होतं म्हणे. काका खिडकीशी बसून खुसखुसले.

बायकोने चहा आणला आणि डहाणूच्या बेकरीतली नानखटाई. माझा संताप कितीही असो, घरी आलेल्या माणसाला आमच्याकडे चहा मिळतोच. बाईने एक नानखटाई मोडली, वास घेतला आणि नाव विचारलं. नाव ऐकून ती थबकली. नान म्हणजे त्यांच्याकडेही रोटी. आणि खताई म्हणजे, ती म्हणाली, जुन्या फारसीत 'खता देशातलं', आणि खता म्हणजे पुन्हा कितायच. मुलीने नंतर शोधून पाहिलं. काही लोक असं मानतात, काही मानत नाहीत. पण त्या वेळी मला वाटलं, हा शब्द माझ्या घरात घुसून माझ्याच बशीत येऊन बसलाय.

"हे किताय आहे तरी काय?" मी विचारलं. "चीन, एवढंच ना?"

"नाही," ती म्हणाली. आणि चहा निवेपर्यंत सांगत राहिली. मुलगी मराठीत आणत होती.

फार पूर्वी खितान नावाचे लोक होते. घोड्यावरचे, तंबूत राहणारे. चीनच्या उत्तरेला त्यांनी मोठं राज्य उभं केलं. ते चिनी नव्हते, भाषा वेगळी, चाल वेगळी. पण पश्चिमेकडून त्या बाजूला जाणाऱ्या माणसाला आधी तेच भेटायचे, म्हणून त्यांच्या पलीकडचा सगळा मुलूखसुद्धा त्यांच्याच नावाने ओळखला जायला लागला. पुढे दुसऱ्या एका टोळीने त्यांचं राज्य मोडलं. उरलेल्यांतले काही पश्चिमेला पळाले आणि हिच्या देशात येऊन त्यांनी नवं राज्य मांडलं. हिच्या शहरापासून थोड्या अंतरावर त्यांची राजधानी होती. तिथे आता एक विटांचा मनोरा उरलाय, आणि तोही त्यांचा नाही, त्यांच्या आधीच्या राजांचा. मग मंगोल आले आणि हेही राज्य गेलं. आज खितान नावाचा देश नाही. पण रशियन माणूस चीनला किताय म्हणतो. किरगिझ, कझाक, उझबेक, सगळे थोडाफार उच्चार बदलून तेच म्हणतात. युरोपातले लोकही एके काळी त्याच शब्दावरून चीनला कॅथे म्हणायचे.

"म्हणजे माणसं एकीकडे मेली आणि नाव दुसऱ्यालाच चिकटलं," मी म्हटलं.

"सगळी मेली नाहीत. माझ्या आजीच्या कुळाचं नाव किताय. तिने आयुष्यात चीन पाहिला नाही. आमच्याकडे अशी कुळं आहेत." तिने दुसरी नानखटाई उचलली. "आणि सांभाळून वापरायचा शब्द आहे हा. बिश्केकच्या बाजारात साधा आहे. सीमेपलीकडे एखाद्या चिनी माणसाला तोंडावर म्हटलास तर त्याला शिवी वाटू शकते. कुठे उभा राहून म्हणतोस त्यावर आहे."

जंगलपट्टी हा शब्दही झरीत कुणी म्हटला तर नुसता पत्ता असतो. वरोरात म्हटला की कानाला टोचतो. पण हे मी तिला बोललो नाही.

"त्याचा अर्थ काय, खितान?" मुलीने आपणहून विचारलं.

बाईने बाकावरच्या ठोकळ्यावर नख वाजवलं. "पंडितांचं एकमत नाही. काही म्हणतात, कणखर लोखंड. ज्यांनी त्यांना हरवलं ना, त्यांच्या राजाने आपल्या राज्याला सोनं असं नाव दिलं. का, तर म्हणे लोखंड कितीही कणखर असलं तरी शेवटी गंजतं, सोनं बदलत नाही. अशी गोष्ट सांगतात."

काकांची हातोडी थांबली. मी कप खाली ठेवला.

"त्या राजाला माझा निरोप दे," मी म्हटलं. "सोनं बदलत नाही म्हणतोस, तर तुझ्या गळ्यातल्या सोन्यावर पान उठलं कसं? त्याला लोखंडावर आडवं व्हावं लागलं तेव्हा उठलं."

मुलीने ते इंग्रजीत सांगितलं. बाई हसली नाही. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, सौद्याला बसलेला माणूस पाहतो तसं. मला कळलं, आता बोलणी सुरू झाली.

"डायवर माझं नाव येणार," मी म्हटलं. "तू बाजारात काय वाटेल ते म्हण."

तिने मान हलवली. नाव आलं तर इतर सोनार विचारतील, हे किताय तर ही अक्षरं कुठली? इतकी वर्षं मी त्यांना फसवलं असं म्हणतील. तिचं म्हणणं खरं होतं. तिचीही बाजारात पत होती, आणि ती एका अक्षराने जाऊ शकत होती. पण माझी पत तर अजून तयारच व्हायची होती.

"बाजूच्या अंगाला," मी म्हटलं. "नक्षीच्या वर नाही."

"दाब देताना शिकंज्यात जाते ती बाजू. झाकलेली," ती म्हणाली.

"समोरची."

"लहान."

"भिंगाशिवाय वाचता येईल एवढं."

"इंग्रजीत नको. इंग्रजी सगळे वाचतात."

"मला कुठे येतं? देवनागरीत."

"एकच शब्द."

"कबूल."

"आणि माणसाचं नाव नको. माणसाचं नाव दिसलं की बाकीचे सोनार थेट त्याला शोधत येतात, आणि मी रिकामी बसते. गावाचं चालेल."

मी मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, "घ्या पप्पा. एवढं बरोबर आहे त्यांचं." तिची आई आतून म्हणाली, "घ्या एकदाचं."

तेवढ्यात ओटीवरून दलाल बोलला. तो सगळं ऐकत होता. "गावाचं नाव? कुठल्या गावाचं? वरोर घालतोस काय? तू वरोरचा कधी झालास रे, जंगलपट्टीवाल्या?"

इतक्या वर्षांत तो माझ्या तोंडावर असं पहिल्यांदा बोलला. मी उठलो तेव्हा हातात हातोडी होती हे मला नंतर कळलं. मुलगी मध्ये उभी राहिली. "झरी घालीन!" मी ओरडलो. "माझं गाव झरी. झरीच घालीन, बघतो कोण अडवतो!"

"घाल," काका म्हणाले.

ते आपल्या बाकावरच बसलेले होते, मान खाली. "घाल झरी. तू झरीचा, खोटं काय आहे? फक्त मला एक सांग. या सेटमधले मोठे तुकडे तू कोरणार, लहान मी कोरणार, बाकीचे हे सगळे. आम्ही वरोरचे. मग आमचे हात कुठले म्हणून सांगायचं आम्ही?"

एकाचे हात, दुसऱ्याचं नाव. मी दलालावर ओरडत होतो ते नेमकं हेच होतं, आणि काकांनी ते आवाज न चढवता माझ्याच बाकावर आणून ठेवलं होतं. त्यांच्यावर रागावता येत नव्हतं, याचाच मला जास्त राग आला.

"वरोर," मी बाईला म्हटलं. "लिहून घे."

दलाल त्या दिवशी एकटाच परत गेला. बाईला मुलीने डहाणू स्टेशनवर सोडलं. महिनाभर दलालाने आमच्याकडून काहीच उचललं नाही आणि दोन बाकांना खरंच काम उरलं नाही. त्या बाकांवरच्या माणसांना मी किताय पानाच्या कामावर बसवलं. आता ही ऑर्डर वेळेत आणि नीट गेली नाही तर पुढे काय, हे मी घरात कुणाला बोललो नाही. सगळ्यांना माहीत होतंच.

नाव मात्र मी कुणाला कोरू दिलं नाही. प्रत्येक ठोकळ्याच्या समोरच्या अंगावर मी स्वतः कोरलं. 'व'चा गोल, 'र'ची शेपटी, 'रो'ची काना-मात्रा. प्रत्येक नाव झालं की काका भिंग लावून बघायचे आणि "बरं आहे," म्हणायचे. त्यांच्याकडून 'बरं' मिळणं म्हणजे मोठी गोष्ट. मग सगळ्या डायांना पाणी दिलं, म्हणजे भट्टीत लाल करून तेलात बुडवलं. एकदा पाणी दिलं की स्टील इतकं कडक होतं की छिन्नी त्यावरून घसरते.

मुलगी रविवारी पेट्या भरायला बसली. एक ठोकळा कागदात गुंडाळता गुंडाळता थांबली.

"पप्पा, हे काय लिहिलंय?"

"वरोर."

"कुठे?"

"हे काय, समोर. चष्मा लाव."

"पप्पा, हे उलटं आहे."

मी ठोकळा घेतला. वाचला. वरोर. सरळ होतं. काकांना दिला. त्यांनी वाचला. "वरोर," ते म्हणाले. "काय झालंय हिला?"

तिने भिंतीवरचा दाढीचा आरसा काढून समोर धरला. आरशात अक्षरं सरळ दिसली. मग मी बाकीचे ठोकळेही एकेक करून आरशापुढे धरले.

आमचं सगळं काम उलटं असतं. नक्षी उलटी कोरली तरच पत्र्यावर सुलटी उठते. कुणाची अंगठी, कुणाची अक्षरं, सगळं उलटंच. इतकी वर्षं उलटं कोरून आणि उलटं वाचून आमच्या डोळ्यांना तेच सरळ वाटतं. पण हे नाव पत्र्यावर उठवायचं नव्हतं. ते ठोकळ्यावरच वाचायचं होतं. ते सुलटं हवं होतं. कारखान्यातल्या एकाही माणसाच्या ते लक्षात आलं नाही. येणार कसं?

"घासून काढू," मुलगी म्हणाली. "ग्राइंडरवर धरलं की जाईल. बिननावाचं पाठवू. तारीख तरी चुकणार नाही."

"नाव पुसून पाठवू?"

"उलटं पाठवून काय उपयोग? तिथे तसंही कुणाला देवनागरी वाचता येणार नाही."

"येणार नाही तर मग सुलटं काय आणि उलटं काय!"

"मग भांडलात कशाला एवढं?" तिचाही आवाज चढला. माझीच मुलगी ती. "त्या बाईला आपल्या बाजारात तोंड दाखवायचंय. हे बघून ती काय म्हणेल? की यांना स्वतःचं नाव लिहिता येत नाही!"

ते वर्मी लागलं. ग्राइंडर कोपऱ्यात होता. मी एक ठोकळा घेऊन त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो, बटण दाबलं, चाक फिरायला लागलं. काका मागून आले आणि त्यांनी बटण बंद केलं.

"राहू दे," ते म्हणाले. "आपल्याला वाचता येतंय."

पेट्या तशाच गेल्या. मुलगी माझ्याशी आठवडाभर कामापुरतंच बोलली. बाईचा पोचल्याचा निरोप आला, त्यात नावाबद्दल एक अक्षर नव्हतं. उलटं नाव तिला खटकलं असणार, असं मी समजलो. दलाल चिंचणीत कुणाला तरी म्हणाला होता की जंगलपट्टीवाल्याला परदेशी धंदा झेपायचा नाही, तेही माझ्या कानावर आलं.

मग एका संध्याकाळी मुलगी तलासरीहून आली ती चप्पल न काढताच कारखान्यात शिरली आणि तिने फोन माझ्यापुढे धरला. चांदीच्या एका पानाचा फोटो होता. पान माझं. कडेला न पोचणाऱ्या शिरा. तिने बोटाने पुढचा फोटो सरकवला. त्याच पानाची मागची बाजू. तिथे एक छोटी पट्टी डकवलेली होती आणि पट्टीवर वर उठून आलेली अक्षरं, सुलटी, स्वच्छ. वरोर.

बाईने फोटोंसोबत लिहिलं होतं, तिच्या एका सोनाराने ठोकळ्याच्या बाजूला काहीतरी खोल कोरलेलं पाहिलं. त्याला वाटलं, हीसुद्धा डायच. त्याने त्यावर पत्रा ठेवला, शिसं ठेवलं आणि दाब दिला. उठलेली पट्टी त्याला आवडली, त्याने ती पानाच्या पाठीवर लावली. आता बाकीचेही लावतात.

काकांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "हे सरळ आहे का उलटं?" त्यांनी मुलीला विचारलं. तिला हसू आवरेना.

मग तिने बाईला फोन लावला. बाई पलीकडून जोरजोरात बोलत होती, मागे बाजाराचा गलका. मुलीने मध्येच फोनवर हात ठेवला.

"काय म्हणते?"

"म्हणतात, माल उत्तम आहे, आणखी मोठी ऑर्डर द्यायचीय. पट्टी गिऱ्हाइकांना फार आवडते." ती थांबली. "गिऱ्हाईक विचारतात, हे काय लिहिलंय. त्या सांगतात वरोर. मग लोक विचारतात, वरोर कितायमध्ये कुठे आलं?"

"आणि ही काय सांगते?"

"काही सांगत नाहीत म्हणे. हसतात."

मी फोन हातात घेतला. मुलगी "पप्पा, हळू," म्हणाली. मी हळूच बोललो, हिंदीत. "मॅडम, वरोर किताय में नहीं है. समुंदर के किनारे है. डहाणू के पास."

"समुंदर," ती म्हणाली. "हमारे यहाँ समुंदर नहीं, उस्ताद."

"नहीं है तो भी बोलना पड़ेगा. डहाणू. बोलो."

"दहान."

"डहाणू."

मागे बाजाराचा आवाज चालूच होता. तिने पुन्हा म्हणून पाहिलं, पुन्हा चुकली, हसली, ऑर्डरचा आकडा सांगायला लागली. मी तो ऐकून घेतला नाही. नाव तिच्या तोंडात नीट बसेपर्यंत मी पुढच्या मालाचं बोललो नाही.